टपोऱ्या डोळ्यामागचा मेंदू



आपल्याकडे बारशाच्या घरात बाळाचं कौतुक करताना दोन शब्द हमखास कानावर पडतात. एक टपोरे डोळे, दुसरा पाणीदार डोळे. ‘दृष्ट काढ गं बाई याची’ असं म्हणत कुणीतरी आजी कानशिलावर बोटं मोडते. आजच्या व्याख्यानातला आजार असा आहे की हे दोन्ही शब्द त्याच्या लक्षणांतच येतात. डोळा खरोखर वाढत चाललेला असतो म्हणून टपोरा दिसतो, आणि त्यातून सारखं पाणी येत असतं म्हणून पाणीदार. तिसरं लक्षण म्हणजे बाळाला उजेड सोसत नाही. खिडकीशी नेलं की ते डोळे घट्ट मिटतं, आईच्या पदरात तोंड खुपसतं. घरच्यांना वाटतं, लाजतंय.

हा जन्मजात काचबिंदू. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून ते बाहेर, रक्तात वाहून जातं. ही जाळी जन्मतःच नीट घडली नसेल तर काय होईल? नळ चालू आणि मोरी तुंबलेली. मोठ्या माणसाच्या डोळ्याची भिंत घट्ट असते, दाब वाढला तरी डोळ्याचा आकार बदलत नाही. बाळाची भिंत अजून मऊ, ती ताणली जाते. नवजात बाळाचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, साधारण १० मिलिमीटर रुंद असतो. वर्षाच्या आत तो १२ च्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. या दाबाचा खरा मार बसतो तो मागे, दृष्टीच्या नसेवर.

इतकी ओळख पुरे. आपला प्रश्न याच्या पुढचा आहे. अशा बाळाच्या मेंदूचा फोटो काढायचा का? काढला तर कधी? आणि त्यात काही वेगळं दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? हा प्रश्न आज दवाखान्यात आईबाप विचारतात, त्यामुळे तो आजचा वाटतो. पण त्यामागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती कळल्याशिवाय आजचं उत्तर पचत नाही असं आमचं मत आहे.

जुन्या ग्रीकांनी या डोळ्याला बैलाचा डोळा म्हटलं. ब्युफ्थॅल्मॉस हा शब्द अजून पुस्तकांत आहे. आता गंमत बघा. होमरच्या काव्यात हीरा देवीला जे विशेषण लावलंय त्याचाही अर्थ बैलासारखे डोळे असलेली असाच, आणि तिथे ती स्तुती आहे! म्हणजे मोठ्या डोळ्याचं कौतुक करून फसायची सवय एकट्या आपली नाही. डोळा नुसताच मोठा आहे की आत दाब आहे, हा घोळ शतकानुशतकं चालला. १८६९ साली फॉन मुराल्ट यांनी बैलडोळा काचबिंदूच्याच कुळातला हे मांडलं तेव्हा कुठे तो मिटू लागला. त्याआधी, १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं उपकरण जगापुढे आणलं होतं. दृष्टीची नस हा मेंदूचाच पुढे आलेला भाग. त्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूचा एक तुकडा नजरेने बघायची पहिली सोय डोळ्याच्या डॉक्टरांना मिळाली, मेंदूच्या डॉक्टरांना नव्हे.

पण दृष्टीच्या नसेच्या मागे, कवटीच्या आत काय चाललंय? तिथे नजर पोचत नव्हती. तिथे पोचला तो एक अंदाज.

१८६० साली शिर्मर नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने एका माणसाची नोंद केली होती. चेहऱ्यावर जन्मापासूनचा लाल डाग आणि त्याच बाजूचा डोळा मोठा झालेला. त्याने कातडी आणि डोळा यांची जोडी लावली, पुढे गेला नाही. पुढे गेला विल्यम ॲलन स्टर्ज. १८७९ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे त्याने साडेसहा वर्षांची एक मुलगी सादर केली. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला पोर्ट वाइनच्या रंगाचं मोठं लासं होतं. उजवा डोळा मोठा. आणि तिला झटके यायचे ते शरीराच्या डाव्या बाजूला.

इथे जरा थांबू. आज आपल्याला वाटतं, त्यात काय, उजवा मेंदू डावी बाजू चालवतो. पण १८७० साली फ्रिट्श आणि हित्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा स्पर्श करून विरुद्ध बाजूचे पाय हलवून दाखवले, त्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. एका बाजूने सुरू होणाऱ्या झटक्यांवरून मेंदूतली जागा ओळखायची, ही ह्यूलिंग्ज जॅक्सनची शिकवण लंडनमध्ये ताजी होती. स्टर्जने तीच वापरली. डाग कपाळावर आहे, ओठांवर, तोंडाच्या आत आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्यातही रक्तवाहिन्यांची गर्दी आहे. मग तो कवटीपाशी येऊन एकदम का थांबेल? उजव्या मेंदूच्या पृष्ठभागावरही असंच लासं असलं पाहिजे, आणि झटके त्याचेच.

पुरावा? शून्य. मुलगी जिवंत होती, आणि जिवंत माणसाचा मेंदू दिसत नव्हता. त्यामुळे बऱ्याच जणांनी हे मानलं नाही. आम्हाला हा प्रसंग मोठा वाटतो तो याचसाठी. मेंदूतला बिघाड सांगायला त्याने पाटी म्हणून वापरला तो बाळपणी वाढलेला डोळा आणि कपाळ. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून सोळा वर्षं होती.

स्टर्जबद्दल दोन वाक्यं जास्त बोलण्याचा मोह आवरत नाही. त्याची बायको एमिली बोव्हेल ही १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीला प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या सात बायकांपैकी. तिथे पदवी नाकारली गेली म्हणून ती पॅरिसहून डॉक्टर होऊन आली, आपल्या आनंदीबाई जोशींच्या काही वर्षं आधी. पुढे नवराबायको फ्रान्समध्ये नीसला स्थायिक झाले. तिथे येणाऱ्या व्हिक्टोरिया राणीवरही स्टर्जने उपचार केले. म्हातारपणी त्याला अश्मयुगातल्या गारगोटीच्या हत्यारांचा नाद लागला, आणि तो संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमला गेला. मेंदूवरच्या लाशाच्या मागे तो आयुष्यभर लागला नाही.

पुरावा दुसऱ्यांनी दिला. १९०१ मध्ये बर्लिनच्या कालिशर यांनी अशाच एका लहान मुलाच्या शवविच्छेदनात मेंदूच्या आवरणावर रक्तवाहिन्यांचं जाळं दाखवलं. आणि १९२२ साली फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी क्ष-किरणांच्या फोटोत अशा रुग्णाच्या मेंदूतला बिघाड दाखवला. वेबर म्हणजे दुर्मिळ आजार आणि जुनी नाणी, दोन्ही सारख्याच हौसेने जमवणारा माणूस. स्टर्ज १९१९ मध्ये गेला होता. दोघांची नावं जोडून आज आपण स्टर्ज-वेबर विकार म्हणतो.

फोटोत दिसत काय होतं? चुना. १९२३ साली ब्वेनोस आयरिसच्या दिमित्रींनी ट्रामच्या रुळांसारख्या जोडरेषा वर्णन केल्या. तो चुना रक्तवाहिन्यांत साचलाय असं लोक धरून चालले होते, आणि १९३४ मध्ये कोपनहेगनच्या क्राबेंनी सांगितलं की नाही, तो खुद्द मेंदूच्या सालीत आहे. वर आवरणावर रक्त तुंबलेलं, खाली मेंदूला पुरेसा रक्तपुरवठा नाही, म्हणून तो भाग हळूहळू वाळतो आणि तिथे चुना बसतो. म्हणजे फोटोत जे दिसत होतं तो आजार नव्हता, आजार होऊन गेल्यावर उरलेली राख होती. वर्षाच्या आतल्या बाळात हा चुना क्ष-किरणांत सहसा दिसतच नाही. बाळ दोन महिन्यांचं असताना डोळा मोठा होतो, झटके बहुधा पहिल्या वर्षात सुरू होतात, आणि फोटो बोलतो त्याच्यानंतर. या उशिराकडे लक्ष ठेवा, तो पुढेही येणार आहे.

मधल्या काळात मेंदू बघायचे दुसरे मार्ग निघाले. १९१८-१९ मध्ये वॉल्टर डँडींनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढले, १९२७ मध्ये पोर्तुगालच्या मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून. दोन्ही प्रकार भयंकर त्रासाचे. फक्त डोळा मोठा आहे म्हणून तान्ह्या बाळावर ते करायला कोण धजेल?

आणि खरं सांगायचं तर तेव्हा तो प्रश्नच नव्हता, कारण डोळाही वाचत नव्हता. मेलबर्नच्या रिंगलँड अँडरसन यांनी १९३९ साली जन्मजात काचबिंदूवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा सूर निराशेचा आहे. पण त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत ओटो बार्कन बाळाच्या डोळ्यात समोरून बारीक सुरी घालून, भिंगातून बघत, तुंबलेला कोपरा मोकळा करत होते. १९४२ मध्ये त्यांनी ही गोनिओटॉमी प्रसिद्ध केली. ज्या मुलांना अंधशाळेत जावं लागलं असतं ती दिसणारी होऊ लागली. डोळा वाचू लागला, तेव्हाच ‘हे मूल पुढे बघेल कसं, शिकेल कसं’ या प्रश्नाला आणि त्याबरोबर मेंदूला महत्त्व आलं, असं आम्हाला वाटतं.

१ ऑक्टोबर १९७१. लंडनजवळ विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं, कंपनी ईएमआय, गाण्यांच्या रेकॉर्डवाली. त्या पहिल्या यंत्रात एकेका फेरीला काही मिनिटं लागत आणि तेवढा वेळ डोकं हलवायचं नाही. तान्ह्या बाळाला हे सांगणार कोण? पुढे यंत्रं वेगवान झाली. साध्या क्ष-किरणांआधी चुना दिसू लागला, पण शेवटी चुनाच.

फरक पडला तो एमआरआय आल्यावर, आणि त्यातही १९८८ साली गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट औषध वापरात आल्यावर. हे औषध शिरेतून दिलं की मेंदूच्या आवरणावरचं रक्तवाहिन्यांचं लासं उजळून निघतं. स्टर्जने जे नुसत्या तर्काने पाहिलं ते जिवंत बाळात, झटके यायच्या आधी, चुना साचायच्या आधी दिसू लागलं. एकशेनऊ वर्षं लागली.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही ना. पहिल्या काही महिन्यांत हे उजळणंही फसवतं. आवरणावर लासं असूनही बाळाच्या पहिल्या एमआरआयमध्ये काही न दिसणं शक्य आहे, आणि वर्षभराने काढलेल्या फोटोत ते स्वच्छ दिसतं. दुसरी गोष्ट आणखी मजेशीर. मेंदूच्या तारांवर जन्मानंतर हळूहळू चरबीचं वेष्टण चढत असतं. ज्या भागावर लासं आहे तिथे कधी कधी ते वेळेआधी चढलेलं दिसतं. अननुभवी नजरेला तो भाग जास्त पिकलेला, जास्त चांगला वाटेल! तान्ह्या मेंदूत ‘वेगळं’ कशाला म्हणायचं हे वयाच्या महिन्यांवर ठरतं. सामान्य बाळाच्या मेंदूचा एमआरआय महिन्यागणिक कसा बदलतो हे बार्कोविच आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच मांडलं, तेही सॅन फ्रान्सिस्कोतच. तोवर तर तुलना करायला धड मोजपट्टीही नव्हती.

मंडळी, या सगळ्यात पणाला काय लागलंय ते सांगतो. स्टर्ज-वेबरमधलं लासं मेंदूच्या मागच्या भागात जास्त आढळतं. गर्भात अगदी सुरुवातीला कपाळाची कातडी आणि मेंदूचा हा मागचा भाग शेजारी शेजारी असतात, मेंदू वाढताना ते लांब जातात. आणि मागचा भाग म्हणजे नेमकं दृष्टीचं केंद्र. आता एक मूल डोळ्यापुढे आणा. काचबिंदूचं ऑपरेशन झालं, दाब ताब्यात आला, डोळ्याचे डॉक्टर खूश. पण मूल चालायला लागल्यावर सारखं डाव्या बाजूच्या दाराला धडकतंय, ताटात डावीकडची भाजी तशीच राहतेय. आई म्हणते, ऑपरेशन फसलं. फसलेलं नसतं. डोळा बघतोय, मेंदूचा उजवा मागचा भाग ते उचलत नाहीये. याचं उत्तर डोळ्याच्या तपासणीत कितीही शोधलं तरी सापडणार नाही, मेंदूच्या फोटोत सापडेल. एकाच मुलाची नजर दोन ठिकाणी मार खाऊ शकते, हे आईबापांना वेळेत कुणीतरी सांगायला हवं असतं.

स्टर्ज-वेबर हे एकच उदाहरण नाही. १९५२ मध्ये बॉस्टनच्या लो, टेरी आणि मॅकलॅकलन यांनी मोतीबिंदू, मूत्रपिंडाचा बिघाड आणि मंद वाढ असलेली मुलं वर्णन केली. अशांपैकी बऱ्याच मुलांना काचबिंदूही होतो, आणि त्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पोकळ्यांभोवती लहान लहान गाठोळ्यांसारखी पाण्याची पुटं दिसतात. बुबुळाचा छेद वेडावाकडा असलेल्या काही मुलांत फॉक्ससी१ या जनुकाचा दोष निघतो, आणि त्यांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही बिघडलेल्या असू शकतात. ब्राझीलमध्ये झिकाची साथ आली तेव्हा लहान डोक्याची, मेंदूत चुना साचलेली बाळं जगाने पाहिली. त्यांच्यात काचबिंदूचीही नोंद झाली. २०२१ च्या जुलैत आपल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, म्हणून हे नाव इथे घेतलं.

पण घाबरवायला आलेलो नाही. काचबिंदू घेऊन जन्मणाऱ्या बऱ्याच बाळांत दोष फक्त डोळ्याच्या त्या कोपऱ्यात असतो. १९९७ मध्ये त्यामागचं सीवायपी१बी१ हे जनुक सापडलं. दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत धोका वाढतो. पाश्चात्त्य देशांत साधारण १०,००० जन्मांत एक बाळ, तर आंध्र प्रदेशातल्या अभ्यासात ३,३०० जन्मांत एक असा आकडा निघाला होता. मामाची मुलगी करायची आपली रीत इथे आठवते. या बाळांच्या मेंदूचा फोटो सरसकट काढावा का? आमचं मत, नको. सीटीत किरणोत्सर्ग आहे. एमआरआयला बाळ स्थिर राहावं म्हणून बहुतेक वेळा भूल द्यावी लागते, आणि ३ वर्षांखालच्या मुलांना लांबलेली किंवा पुन्हापुन्हा भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिलाय. एकदाची, थोडक्यातली भूल वेगळी. पण या बाळांना डोळ्याचा दाब मोजायलाही वारंवार भूल लागते, हे विसरू नका. म्हणून जिथे एमआरआय हवाच आहे तिथे तो आणि डोळ्याची तपासणी एकाच भुलेत उरकता येते का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. विनाकारण काढलेल्या फोटोत काहीबाही दिसतंही. तान्ह्या डोक्यात मेंदूभोवती पाणी थोडं जास्त असणं फार वेळा निरुपद्रवी असतं, पण रिपोर्टवर ते छापून आलं की घराची झोप उडते.

मग कोणाचा काढायचा? ज्याला झटके येतात, ज्याचं डोकं वयाच्या मानाने फार लहान किंवा मोठं आहे, जे मूल लुळं पडतं, ज्याला मोतीबिंदूही आहे, आणि ज्याच्या कपाळावर लाल डाग आहे.

हा डाग कुठे असला की काळजी, याचाही इतिहास नुकताच बदलला. २०१३ मध्ये कळलं की हा विकार आईबापांकडून येत नाही. गर्भात एखाद्या पेशीत जीएनएक्यू जनुकात अचानक बदल होतो आणि तिच्यापासून वाढलेल्या भागापुरताच तो राहतो. ग्रहण न पाळल्याचं पाप कुठल्याही आईच्या माथी मारायला आता जागा नाही. तोवर चेहऱ्याच्या नसांचा नकाशा धरून डाग मोजायची पद्धत होती. २०१४ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या अभ्यासाने म्हटलं, नसांचं सोडा, गर्भातल्या रक्तवाहिन्यांचा नकाशा धरा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या वरच्या टोकापर्यंत एक रेघ ओढा. तिच्या वरचं कपाळ आणि वरची पापणी, यात कुठेही डाग असला तर मेंदू आणि डोळा, दोन्ही तपासायचे. गालावरच्या डागाला तेवढी भीती नाही.

बोटाने ओढता येईल अशी रेघ आहे ती. आपल्या सावळ्या कातडीवर नवजात बाळाचा हा डाग फिका, तांबूस, पुसट असू शकतो. त्यात घरोघर बाळाच्या कपाळावर काजळाची तीट, आणि भुवयांपर्यंत ओढलेलं टोपरं. तेव्हा टपोऱ्या डोळ्यांचं बाळ समोर आलं तर आधी खिडकीपाशी, चांगल्या उजेडात न्यायचं, तीट पुसायची आणि टोपरं काढून दोन्ही बाजूंचं कपाळ बघायचं. स्टर्जकडेही १८७९ साली मेंदूचा फोटो नव्हता.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.